खांद्याच्या मापाची रायफल

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि उत्तरपत्रिकेपलीकडे सलग असं काही आजवर लिहिलेलं नाही. सुखदेवमामांवर लिहिण्याचा खरा हक्क त्यांच्या मुलाचा. तो मंचेरियलला शिक्षक आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्याचंच कार्ड वसतिगृहात आलं : बाबा मंगळवारी गेले. खाली एक ओळ होती, 'त्या रायफलीचं तुलाच ठाऊक, तू लिही.' म्हणून हे धाडस करतो आहे... चुकलं तर सांभाळून घ्यावं.

सुखदेवमामा आदिलाबादच्या आमच्या कॉलेजात अटेंडर, म्हणजे शिपाई होते; सगळी पोरं त्यांना मामाच म्हणत. सामानाच्या खोलीच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत आणि त्या खोलीत कवायतीच्या तुकडीच्या सहा जुन्या रायफली होत्या. मामा मूळचे नार्नूरकडचे शेतमजूर. नोकरी लागेपर्यंत त्यांनी दुसऱ्याच्या शेतात फावडं चालवलं होतं. मी बेज्जूरचा. माझी उंची पाच फुटांच्या जरा वर आणि हात उंचीच्या मानानंही आखूड. पहिल्या वर्षी मी तुकडीत गेलो तो नेमबाजीच्या ओढीनं, पण पालथं पडून रायफल धरली की दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा लाकडी भाग, माझ्या खांद्याच्या खोबणीत बसायचाच नाही. तो दंडावर सरकायचा. घोड्यापर्यंत बोट न्यायला हात ताणावा लागायचा, आणि ताणलेला हात थरथरायचा. दहा गोळ्या दहा दिशांना जायच्या. आमचे कवायत शिकवणारे उस्ताद एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "बेटा, तेरा हाथ छोटा है. तू ढोल बजा." सगळे हसले. मीही हसलो, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मामांनी ते ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी रायफल जमा करायला गेलो तर त्यांनी ती परत माझ्याच हातात दिली आणि कोपर वाकवायला सांगितलं. दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवून माझं बोट घोड्याकडे नेलं. बोट दोन अंगुळं अलीकडेच राहिलं. "हात लहान नाई तुहा," ते म्हणाले, "लाकूड लांब हाये." मला ते सांत्वनच वाटलं. मग शर्टाची बटणं काढून त्यांनी मला आपली पाठ दाखवली. एक बाजू वर, एक खाली. "मालक सहा फुटी होता. त्याच्या मापाचा फावड्याचा दांडा माह्या हाती. वीस वर्सं. ही पाठ कामानं नाई वाकली लेका, दांड्यानं वाकली."

पुढचे आठ-दहा दिवस मामा मैदानावर एक विचित्र काम करत. आम्ही ओळीनं पालथे पडलो की तेही बाजूला मातीत आडवे होत आणि प्रत्येकाचं नाक आणि रायफलीवरचा अंगठा यांच्यामधलं अंतर बोटांनी मोजत. पोरांनी भंडावून सोडलं. "मामा, नाकाचं माप कायले घेऊन राह्यले? नथ करता का?" मामा म्हणत, "तुह्यासाठी नाई बे, नवरी पायली की सांग, तिच्यासाठी करतो." पण मोजणं त्यांनी सोडलं नाही. ज्यांचा नेम चांगला लागे त्या सगळ्यांच्या नाक-अंगठ्यात दोन बोटांची जागा असे. माझ्यात चार बोटांहून जास्त होती.

सरकारी रायफलीला करवत लावणं म्हणजे गुन्हाच. पण तिचा दस्ता वेगळा निघत असे, आणि खोलीत एक तडा गेलेला, रद्द ठरवलेला दस्ता पडून होता. मामांनी प्राचार्यांकडे दरखास्त, म्हणजे अर्ज दिला. हेडक्लार्क म्हणाले, "मामा, लाकडाच्या तुकड्यासाठी दरखास्त?" मामा म्हणाले, "तुमच्या खुर्चीखाली जाड उशी हाये ना साहेब? तेच मागून राह्यलो." प्राचार्य सार हसले आणि त्यांनी अट घालून परवानगी दिली. जिल्ह्याच्या निवडीपर्यंत वापरा, मुलगा निवडला गेला तर पुढचं पाहू, नाही तर दस्ता परत रद्दीत. मामांनी तडा गेलेला भाग कापून टाकला. दस्ता मुद्दाम जास्तच आखूड केला आणि मागच्या लोखंडी पट्टीखाली बसतील अशा सागाच्या तीन पातळ चकत्या तासल्या. चकती घातली की दस्ता वाढे, काढली की कमी होई. तिन्ही चकत्या घालून मी पहिल्यांदा आडवा झालो तेव्हा... कसं सांगू, रायफल खांद्यात अशी बसली की धरावी लागलीच नाही. त्या दिवशी पाच गोळ्यांची भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. उस्तादांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि ढोलाचं नाव पुन्हा काढलं नाही.

निवड डिसेंबरात होती. आमच्याकडची डिसेंबरातली सकाळ ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. बोटं आखडली होती. सदऱ्यावर मी जाड लोकरी जर्सी चढवली होती. सरावाच्या तीन गोळ्या झाडल्या आणि तिन्ही भरकटल्या. दस्ता पुन्हा दंडाकडे सरकत होता. मामा दोरीपलीकडे, प्रेक्षकांत. त्यांना आत यायची मुभा नव्हती. मी वळून पाहिलं तर ते दोन्ही हातांनी स्वतःच्या सदऱ्याची छाती चिमटीत धरून ओढत होते. आधी वाटलं, मामांना काही झालं. मग लक्षात आलं. माप आम्ही ऑक्टोबरच्या उन्हात, एका सदऱ्यावर घेतलं होतं, आणि जर्सीची जाडी म्हणजे बरोबर एक चकती! मी उस्तादांची परवानगी घेतली, स्क्रू सैल केले, एक चकती काढून खिशात टाकली. त्यानंतरच्या दहा गोळ्या मला आठवतही नाहीत. माझं नाव पहिलं पुकारलं तेव्हा मामा दोरीखालून वाकून आत आले. पहारेकऱ्यानं अडवलं तर म्हणाले, "हट, पोट्टा माहा हाये." मग माझ्या पाठीत धपका घातला. "चुकलोच होतो रे मी. थंडी मोजाची राह्यली!"

मला वाटलं, झालं. पण मामांना तेवढं पुरणार नव्हतं. त्यांनी माझ्याकडून नवी दरखास्त लिहून घेतली. असा आखूड दस्ता सगळ्या लहान चणीच्या मुलांना मिळावा, माप आडवं पाडून घ्यावं, आणि थंडीत पुन्हा घ्यावं. तो कागद हैदराबादला गेला आणि तिकडचाच झाला. मामा निवृत्त झाले, गावी गेले, छातीच्या दुखण्यानं खाटेला लागले. मी भेटायला गेलो की आधी एकच प्रश्न, "कागद आला का?" दोन वर्षं मी नाही म्हणत राहिलो. दरवेळी ते म्हणत, "इल. सरकारचे पाय जड असतात." पण मागच्या खेपेला त्यांनी नुसतं भिंतीकडे तोंड केलं.

ते जाण्याच्या आठवडाभर आधी प्राचार्य सारांनी मला वर्गातून बोलावून कागद हातात दिला. मिळेल त्या बसनं मी नार्नूरला पोचलो. मामांना उठवत नव्हतं. मी त्यांच्या कानाशी बसलो आणि इंग्रजीतला तो कागद अडखळत मराठीत सांगितला. दरखास्त मंजूर. जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉलेजात तीन मापांचे दस्ते ठेवायचे. माप मामांनी सांगितलं तसंच घ्यायचं. आणि येत्या जूनपासून तुकडीत मुलीही येणार आहेत, त्यांनाही हे दस्ते द्यायचे.

"पोरी?" मामांनी डोळे उघडले. "पोरी बंदूक चालवतीन?"

"हो मामा, पोरीसुद्धा."

ते हसले. खोकला आला, पण हसू थांबेना. मग माझं मनगट घट्ट धरून म्हणाले, "मंग आत्ताच लिऊन धाड. पोरीइचं माप अलग घ्या म्हना. ह्या पोट्ट्याचं नका देऊ त्याइले."