पान बावीसवरचा उंट

महिपतने वरंध घाटाच्या रस्त्यावर सत्तावीस वर्षं दगड रचले. कठड्याचा दगड बसवला की तो त्यावर चढून उडी मारायचा. हलला तर काढायचा, पुन्हा बसवायचा. मुकादम ओरडायचा, "महिपत, दिवस मावळला!" महिपत म्हणायचा, "ते दगडाला कुठं ठाऊक हाय?" अक्षरं तो मैलाच्या दगडांवरून शिकला. त्यामुळे वाचायचाही तसाच. एक शब्द, मग बरीच चाल, मग दुसरा शब्द.

गुडघे गेले तेव्हा तो आपल्या गावी, कापड्याला, घरी आला. मुलगा भिकू मुंबईत गिरणीवर. घरात सून चंद्रभागा, नात आवडी आणि सात शेळ्या. आवडी तिसरीत होती. तिचं वाचन ऐकायला आळी जमायची. वाचताना थांबेल त्याला छडी, असा मास्तरांचा नियम. म्हणून पोरं बाल्यांच्या नाचाचा ठेका धरून एका दमात धडा संपवत. आवडीने उंटाचा धडा असा काही म्हटला, की शेजारची प्रयागबाई डोळे पुसू लागली.

महिपतने विचारलं, "उंट ऱ्हातो कुठं गो?"

"पान बावीसवर."

"आन खातो काय?"

आवडीने पुन्हा पहिल्यापासून सूर धरला. मधूनच सुरू करणं तिला जमत नव्हतं.

वरून चुना आणि आत नुसती माती, असलं बांधकाम महिपतला खपत नसे. दुसऱ्या दिवसापासून त्याने तिला अंगणात बसवलं. एक वाक्य वाचायचं, पुस्तक मिटायचं, आणि कोण, कुठं, काय करतं ते आपल्या बोलीत सांगायचं. सांगता आलं तर पुढे. नाही आलं तर तेच वाक्य. पहिला दिवस साडेतीन वाक्यांत संपला.

"आजा, मास्तर एका दिवसात तीन धडे करतात."

"धावणाऱ्याला वाट दिसत नाय. वाच."

रोहिणी लागायच्या आधी चंद्रभागेने निकाल दिला. पेरणीची सुट्टी संपली की आवडी शाळेत जाणार नाही, शेळ्यांमागे जाईल. "तीन वर्सं वाचतेय. घरात काय आलं? आधी गाणं तरी ऐकाया मिळायचं. तुम्ही तेबी बंद केलंत!"

महिपत हादरला. पोरीचं काम आत्ता कुठे पायापर्यंत आलं होतं. "एक डाव बघ," तो म्हणाला. "मग तू म्हणशील ते." त्याने पेटीतून एक छापील कागद काढला. भाताचं बी कसं निवडावं ते त्यात होतं. महाडच्या बाजारात कुणी तरी फुकट वाटला होता. "ही वाचंल, आपण करू."

"बी माझं, मीठ माझं. तुम्ही तोंड उघडायचं नाय, मामंजी. नायतर पोरीला सांगाल."

आवडीने पहिलं वाक्य वाचलं, कागद मिटला. "पाण्यात मीठ घालायचं. अंडं तरंगेपर्यंत."

"कुणाचं अंडं?" चंद्रभागेने विचारलं.

"कोंबडीचं. ताजं."

अंडं बुडालं. मीठ पडलं. अंडं बुडालेलंच. आणखी मीठ पडलं. मिठाच्या मडक्यात हात घालताना चंद्रभागा प्रत्येक वेळी कण्हू लागली. "वर्साचं मीठ गेलं गो माझं!"

शेवटी अंडं वर आलं. भाताचं बी ओतलं. बरंच तरंगलं.

"तरंगतंय ते पोकळ, ते काढायचं. बुडालं ते पेरायचं."

"माझं एवढं बी पोकळ?"

"तरीच तुझं शेत नुसतं डोलतंय," प्रयागबाई कुंपणावरून म्हणाली, "आन सुपात काय येत नाय."

महिपतने इतका वेळ तोंड मिटून धरलं होतं. बुडालेलं बी टोपलीत आलं तसा त्याला दम निघेना. "झालं! पसर उन्हात!"

"नाय आजा. कागदाच्या मागं एक वाक्य हाय." आवडीने ते वाचलं, कागद मिटला. "गोड्या पाण्यात तीनदा धुवायचं. मीठ राहिलं तर बी रुजत नाय."

महिपतने कागद घेतला, उलटा केला. वाक्य होतं. चार महिने कागद त्याच्या पेटीत होता आणि त्याने तीनदा वाचला होता, पण एकाच बाजूने. त्याने कागद खाली ठेवला. या वेळी त्याचाच दगड हलला होता, आणि उडी मारायला जागा नव्हती.

चंद्रभागेने टोपली आपल्याकडे ओढली. मग ती हसत सुटली. "तुमचं ऐकलं असतं तर यंदा मिठाची शेती झाली असती की!" डोक्यावरून तीन घागरी पाणी आणून तिने बी धुतलं, आणि तिसरी घागर रिकामी करताना म्हणाली, "ही शाळेत जाईल. घरात एक तरी शेवटपर्यंत वाचणारं पायजे."

"आन शेळ्या?" महिपतने विचारलं.

तिने त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "कागद कुणी उलटला नव्हता?"

शाळा उघडली त्या दिवशी आवडी पाटी घेऊन खाली गेली आणि महिपत काठी घेऊन वर. पहिल्या दिवशी त्याने सात शेळ्या नेल्या आणि आठ परत आणल्या. आठवी प्रयागबाईची होती. शेळी न्यायला प्रयागबाई आली, ती बोलतच आली.