तो लंगडत होता तेव्हा

मित्रहो, हा कागद मुद्दाम मेसच्या दाराला लावतोय, कारण जेवायला तरी सगळेच याल.

आज शेवगावच्या टीमशी आपल्या कॉलेजची फुटबॉल मॅच झाली. त्यांची पोरं अनवाणी खेळत होती. आपल्या पायांत बूट होते, गोरे सोल्जर कॅम्प सोडून गेले तेव्हा लिलावात घेतलेले.

त्यांच्यातल्या एकानं आपल्या कॅप्टनच्या, सॅम्युअलच्या, पायातून दोनदा बॉल काढून नेला. पुन्हा तो समोर आला, तेव्हा सॅम्युअलनं बॉल सोडला आणि बूट त्याच्या पायावर हाणला. मुद्दाम. मी कडेलाच उभा होतो.

आपल्या खेळाच्या सरांनी सॅम्युअलला तिथल्या तिथे बाहेर काढलं. वर्षभर खेळायचं नाही म्हणाले. तेव्हापासून सगळं होस्टेल सरांवर चिडलंय. सॅम्युअल मात्र भिंतीकडे तोंड करून पडलाय.

त्या पोराला मी सायकलवर दवाखान्यात नेलं. बोटं मोडलीत, आजची रात्र तिथेच ठेवलंय त्याला. डॉक्टरांना त्यानं एवढंच विचारलं, "पेरनीपर्यंत बरा हुईल का पाय?"

मला वाटलं, आता सॅम्युअलला शिव्या देईल. पण मला म्हणाला, "त्यांचं जाऊ द्या, खेळात येतो राग. पर मी लंगडत हुतो, तवा तुमी समदे का हसला?"

हसणाऱ्यांत मीही होतो.

शिक्षा एकट्या सॅम्युअलला झालीय. त्या पोराला उत्तर द्यायला उद्या सकाळी मी परत दवाखान्यात जाणार आहे. माझ्याबरोबर कोण येतंय?