भिकाजींची दोन बेटं

भिकाजी पहिल्यांदा माझ्या दारात आले ते भांडायलाच. सत्तरीचा, खारकेसारखा सुकलेला म्हातारा. एका हातात नातीची भूगोलाची उत्तरपत्रिका, दुसऱ्या हातात टाच घासायचा दगड. ना नमस्कार, ना चमत्कार. "मास्तर, ह्ये मार्क कोणी कापल्यान?"

कापले होते मीच. तेव्हा मी घाटकोपरच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो आणि अजून कायम झालो नव्हतो. नववीच्या वार्षिक परीक्षेत मीच प्रश्न घातला होता : शेजारशेजारच्या दोन ज्वालामुखी बेटांपैकी एकावर धबधबे जास्त का? हेडमास्तरांनी मंजूर केलेलं उत्तर एका ओळीचं होतं : जिथे पाऊस जास्त, तिथे धबधबे जास्त. भिकाजींच्या कुसुमने पान भरून लिहिलं होतं. पाऊस हवाच, पण बेटाचं वयही पाहावं लागतं, असं काहीबाही. मी वाचलंसुद्धा नाही धड. तांबड्या पेन्सिलीने फुली मारली आणि चार मार्क गेले. ती दोन मार्कांनी नापास झाली.

भिकाजींनी तीस वर्षं बोटीवर बॉयलरमध्ये कोळसा ओढला होता. बोटीवर त्या माणसाला आगवाला म्हणतात, आणि खाणीमागच्या त्यांच्या चाळीतही त्यांना सगळे आगवालेच म्हणत. स्वभावही तसाच. लोक त्यांना थापाड्या म्हणायचे. वर्तमानपत्र वाचून शहाणे झालेले लोक! या माणसाने जे डोळ्यांनी बघितलं होतं, ते आमच्यापैकी कोणी नकाशातही नीट बघितलं नव्हतं.

"मोरी खंय असा?" त्यांनी विचारलं. मी दाखवली, तर आमच्या हिचा पाटाच ओढून त्यांनी मोरीत आणला. ही ओरडली, "अहो, मसाल्याचा पाटा आहे तो!" त्यांचं लक्षच नाही. तांब्याभर पाणी पाट्यावर ओतलं. पाणी सरसर धावलं आणि कडेवरून खाली पडलं. मग तो टाच घासायचा दगड ठेवला. भोकाभोकांचा. तसल्याच एका बेटावर बोट पाणी घ्यायला थांबली, तेव्हा उचललेला. त्यावर धार धरली, तर पाणी दगडाच्या आत, आणि निघालं ते थेट बुडातून.

"बघलंत? पाऊस दोन्ही बेटांवर सारखो. नव्या बेटाचो दगड पाणी पिता. वर सगळां कोरडां, आणि गोडां पाणी खाली किनाऱ्याक फुटता. बेट म्हातारां झालां की तेची भोकां बुजतत, माती धरता. मग पाणी आत जाणा नाय. वरसून धावता, दरी कापता, कड्यावरसून उडी मारता. तुमच्या पुस्तकान बेट बघल्यान काय?"

मी खाली बसून ते ओलं बूड बघत राहिलो. दोन वर्षं मुलांना 'बेसाल्ट, बेसाल्ट' म्हणून घोकायला लावत होतो, आणि हे एकदाही सुचलं नव्हतं. लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, कारण भिकाजी म्हणाले, "पोरगी नापास, तर शाळा बंद, असां बापसान सांगल्यान हा. तिका मॅट्रिक होवन नर्स होवचां असा. चला हेडमास्तराकडे."

गेलो. हेडमास्तर चहा पीत होते. सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "निकाल लागलाय. एकीचा बदलला तर उद्या दारात रांग लागेल. आणि काय हो, आता कोळसा ओढणारे भूगोल शिकवणार का?"

म्हाताऱ्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. पण आवाज चढला नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुमी बोला."

मी बोललो नाही. जूनमध्ये मला कायम करायचं की नाही, हे त्याच टेबलावर ठरायचं होतं. मी शाईच्या दौतीकडे बघत बसलो. आजही त्या दौतीचा आकार सांगू शकेन, इतकं बघितलं तिच्याकडे.

बाहेर आल्यावर भिकाजी जिन्यात थांबले. "हेडमास्तराक ठावक नाय, तेका माफ. तुका ठावक झालां मेल्या, तरी तू गप रवलस." तोवरचं 'तुमी' तिथे संपलं, ते कायमचंच.

कुसुमची शाळा सुटली. मी जूनमध्ये कायम झालो. पेढेही वाटले, नालायकासारखे. दिवाळीनंतर भिकाजी लग्नाची पत्रिका घेऊन आले. "ये. जेवण असा," एवढंच म्हणाले आणि गेले.

न जाण्याची हिंमत नव्हती म्हणून गेलो. लग्न लागलं होतं. कुसुम वाकून पाया पडली आणि हळूच म्हणाली, "सर, एक विचारू? माझं उत्तर बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं," मी पुटपुटलो.

शेजारी भिकाजी उभे होते. "मोठ्यान सांग. सगळ्यांका आयकांदे."

मांडवात शाळेतले चार-पाच जण होते, हेडमास्तरही होते. मी ओरडून सांगितलं, "कुसुमचं उत्तर बरोबर होतं! चूक माझी होती!" आवाज खणखणीत लागला. का नाही लागणार? आता मला कोणी काढू शकत नव्हतं. आणि तिच्या शालूला नवऱ्याच्या उपरण्याची गाठ मारून झाली होती.