दुधाची दाढ आणि वयाचा दाखला

लहानपणी मी ताडमाड वाढले, एवढाच माझा गुन्हा. शाळेत घालायच्या वेळी माझे वडील, आबा, मेंढरं घेऊन लांब गेले होते, म्हणून चुलत्यानं नेलं. मास्तरांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि जन्मतारीख लिहून टाकली, एक जून. एक जून तर वर्गातल्या सगळ्यांचीच होती, त्याचं काही नाही. पण साल लिहिताना मास्तरांनी मला दोन-अडीच वर्षं जास्तीची देऊन टाकली.

ती वर्षं चौथी झाल्यावर आडवी आली. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. जतकडच्या आमच्या वाडीत चौथीपुढं शाळा नव्हती. साताऱ्याला मुलींची राहण्याची शाळा होती, तिथं पाचवीत मला जागा मिळत होती. ती हुकली की पुढं काय, ते मला पक्कं ठाऊक होतं: मेंढरांमागं हिंडायचं आणि दोन-तीन वर्षांत लग्न. साताऱ्याहून पत्र आलं, अकरा पुरी झालेली मुलगी आम्ही घेत नाही. रजिस्टरात मी साडेबारा! पत्रात पुढं होतं, वय चुकलं असेल तर सांगलीच्या सरकारी डॉक्टरांचा दाखला आणा. डॉक्टर दात बघून वय सांगतात, असं मास्तरांनीच सांगितलं. स्वतःची चूक निस्तरायला एवढं तरी केलं त्यांनी.

आबा ऐकून खूश झाले. जन्म गेला होता त्यांचा त्यात. मेंढराचा ओठ अंगठ्यानं खाली दाबला की झालं. दुधाचे दोन पडून दोन मोठे आले की ते दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, आणि आठही बदलले की जुळलं, म्हणजे पुरं वाढलं. त्यांनी माझंही तोंड उजेडाकडं वळवलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"पुढचं समदं बदलल्यात की गं!"

पुढचे आठही मोठे होते. आमच्याकडच्या पाण्यानं त्यांच्यावर पिवळट पट्टे पडलेले, कडेला अजून करवतीसारखे बारीक दाते. मेंढराच्या हिशेबानं मी पार जुळलेली म्हातारी. मागं मात्र दुधाच्या बुटक्या, पांढऱ्या दाढा शिल्लक होत्या, आणि त्यातली खालची डावी हलत होती. आबांनी तिला बोट लावलं नि दचकले.

"ही पडली की वय वाढलं बघ. दाखला हुस्तवर पडाय न्हाई पायजे."

दोन दिवस मला भाकरी बंद. ताकातल्या कण्या, त्याही न चावता गिळायच्या. "जीभ लावू नगं गं," हे दिवसातून पन्नास वेळा. आता हलत्या दाढेला जीभ लावू नको म्हणजे काय? कुणीही करून बघावं. मी दुसरीकडं बघायचे, गाणं म्हणायचे, आणि जीभ आपली तिथंच.

तिसऱ्या दिवशी सांगलीला जाताना मिरज जवळ आली तेव्हा एसटी एका खड्ड्यात उसळली आणि दाढ सुटून जिभेवर आली. तोंड खारट झालं. मी ती हळूच मुठीत घेतली.

"हाय न्हवं?" आबांनी विचारलं.

मी मान हलवली. आबांशी इतकं मोठं खोटं मी कधी बोलले नव्हते. सांगली येईपर्यंत मी मूठ सोडली नाही. सातारा गेलं, आणि ते माझ्याच जिभेनं घालवलं, एवढंच मनात घोळत होतं.

डॉक्टर वयस्कर होते, हातात दांडीचा छोटा आरसा. "आ कर," म्हणाले. मी केलंच नाही. आबा डाफरले, तशी मी भोकाड पसरलं आणि मूठ उघडली. आबा मटकन बाकावर बसले.

"गेलं समदं. आवं सायेब, सकाळी व्हती. माझ्या डोळ्यांनी बघितलीया. तोंडात हाय असं धरून वय लावा की."

डॉक्टरांना आधी काही कळेना. कळल्यावर ते हसले, पण आम्हाला हसले नाहीत. त्यांनी दाढ तळहातावर घेतली. वर चार बारीक टेकाडं, त्यांच्या मधल्या घळीत अडकलेली कणी. मग उलटी केली. खाली नुसती पोकळी.

"मुळं कुठायत हिला?"

"मोडली व्हय?" आबा घाबरले.

"नाही हो. खालून नवी दाढ वर येते, तशी हिची मुळं विरत जातात. दहाच्या आसपास. साडेबाराला बहुतेक हे सगळं उरकलेलं असतं, आणि पार मागं आणखी एक दाढ आलेली असते. तिथं हिची हिरडी अजून कोरी आहे." त्यांनी आबांना वाकायला लावलं आणि आरशात दाखवलं. पडल्या जागी नव्या दाढेची दोन टोकं डोकावत होती. "पडली म्हणून वय वाढत नाही, मामा. उलट तुमचं खरं ठरलं."

त्यांनी कागदावर लिहिलं, वय सुमारे दहा. आबांनी तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा वाचताना मला हसू आवरेना आणि डोळेही थांबेनात. इतकी सुटका मला पुढं कुठल्या परीक्षेच्या निकालानंही वाटली नाही.

दवाखान्याबाहेर आबांनी भडंगाचा पुडा घेतला. मी घास हातात धरून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. दोन दिवसांची सवय.

"खा की गं," आबा म्हणाले. "आता किती मोठी व्हायचं ती हो."