दाराबाहेर बसलेली बाई

त्या बाईला पगार नेमका कशाचा मिळतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

माझी ताई आजारी पडली तेव्हा ती आमच्या आयुष्यात आली. ताईचा आजार मनाचा. काही महिने ताई दवाखान्यात आणि तिची मुलगी मिरी मुलींच्या वसतिगृहात. मिरीचं खरं नाव दुसरंच आहे, पण लहानखुरी आणि तिखट, म्हणून मिरी. अशी विस्कटलेली घरं सावरायची, हे या समाजसेविका बाईचं काम. वय पन्नाशीचं, गुडघे दुखणारे, जिन्याच्या दर वळणावर थांबून "आई गं" म्हणायची सवय. माझं इस्त्रीचं दुकान आहे. तिथेही यायची, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसायची. मी विचारायची, "मिरीला कधी घरी पाठवणार?" ती म्हणायची, "तुम्हाला काय वाटतं? तुम्हीच सांगा." अहो, मला ठाऊक असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं! दादानं, म्हणजे आमच्या भावानं, तिचं नावच 'तुम्हीच-सांगा' ठेवलं.

ताई बरी होऊन घरी आली, तेव्हा बाईनं आम्हा सगळ्यांना तिच्या ऑफिसात बोलावलं. मिरीनं कुठे राहायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं. दादा ट्रक चालवतो, त्यानं फेरी सोडली आणि कडक इस्त्रीचा शर्ट घातला. खोलीत गोल टेबल, कोपऱ्यात खेळण्यांची टोपली, मधे बिस्किटांची बशी. बाई म्हणाली, "तुम्ही घरची माणसं. आपसात बोला. मी बाहेर आहे." आणि दार लावून चक्क निघून गेली.

आता काय करायचं? दादा कुजबुजला, "परीक्षा आहे ही. दाराला कान लावून बसली असणार. नीट बोला." झालं! आम्ही असे काही नीट बोलायला लागलो की विचारू नका. "ताई किती छान सांभाळते मिरीला," मी दाराकडे तोंड करून म्हणाले. "दादा तर देवमाणूस," ताई म्हणाली. ज्याच्याशी तिचं जन्मात कधी पटलं नाही, तो देवमाणूस! मिरी बिस्कीट कुरतडत आमचं नाटक बघत होती.

कौतुकं संपली, बिस्किटं संपली, दार काही उघडेना. "वरच्या साहेबांना विचारायला गेली असेल," दादा म्हणाला. शेवटी माझं डोकं फिरलं. दार उघडून बघते तर बाई बाकावर बसून काकडी खातेय.

"झालं का तुमचं?" मी विचारलं.

"माझं? तुमचं झालं का?"

"आमचं काय व्हायचंय? निर्णय तुम्ही देणार ना?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, निर्णय तुम्ही घ्यायचाय. मी त्याचीच वाट बघतेय."

म्हणजे आम्ही तिच्यासाठी ताटकळलो आणि ती आमच्यासाठी! मी भडकले. "मग एवढं शिकलात कशाला? दोन शब्दांत सांगून मोकळ्या का होत नाही?"

"एकदा झाले होते मोकळी," ती म्हणाली. "वडिलांना वृद्धाश्रमात ठेवायचं मीच ठरवलं. भावाला विचारलंच नाही. बरोबर होतं की चूक, देव जाणे. अजून त्याला फोन करते. तो उचलत नाही." आणि उरलेली काकडी माझ्यापुढे धरली. मी घेतली.

आत येऊन मी म्हटलं, "ती ऐकत नाहीये. काकडी खातेय. आता खरं बोला."

मग जी जुंपली! दादा म्हणाला, मिरी माझ्याकडे राहील. मी म्हटलं, तुझा पाय घरात टिकत नाही, ट्रकमध्ये वाढवणार का तिला? तो म्हणाला, तुझ्या एका खोलीत तुझा नवराच मावत नाही. आणि ताई एकदम रडायला लागली. "मला हवी आहे ती. पण भीती वाटते. मला परत तसं झालं तर?" इतके महिने हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मग लक्षात आलं, मिरीलाही कुणी विचारलेलं नाही.

"तू गं?" मी म्हटलं. "तूच सांग."

"मला आईकडेच राहायचंय," मिरी म्हणाली. "पण आईनं गोळ्या घेणं सोडलं तर कुणाला सांगू? मागच्या वेळी कळलंच नाही कुणाला सांगायचं. म्हणून मी कुणालाच नाही सांगितलं."

एवढीशी पोर एकटीनं सगळं गिळून बसली होती.

"मला सांग," मी म्हणाले.

"रात्री?"

"रात्रीसुद्धा."

"तू झोपलेली असलीस तर?"

"मग मामाला. तो गाडीवर जागाच असतो." दादानं नुसती मान हलवली.

मिरीनंच बाईला आत बोलावलं. बाईनं सगळं ऐकलं आणि "बरं" म्हणाली. मी विचारलं, "बरोबर ठरवलं ना आम्ही?" तर पुन्हा तेच, "तुम्हीच सांगा." मला काय सांगता येणार? मिरी आईकडे घरी गेली तरी माझा गोंधळ जाईना.

दुसऱ्याच दुपारी एका गिऱ्हाइकाची पँट फळीवर होती आणि फोन वाजला. ताईच्या घरचा नंबर. इस्त्री तशीच टाकून फोन घेतला. "काय झालं गं?"

"काही नाही, मावशी. आईनं गोळी घेतली. तू उचलतेस का, ते बघत होते."

मागे पँट जळत होती.

"ठेव आणि परत कर," मी म्हटलं. "परत उचलते की नाही, बघ."