दोन्ही डोळे उघडे

मुमताजचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या कारखान्यात भिंगाखाली एक बुशिंग, म्हणजे यंत्रातली इवलीशी धातूची नळी, धरून बसले होते. लग्न होऊन मालेगावला गेल्यापासून ती सणावारालाच फोन करते, त्यामुळे कामाच्या वेळी तिचं नाव दिसताच मी बुशिंग खाली ठेवलं. "बागूल बाई गेल्या गं," ती म्हणाली. दोघी रडलो. मग नाक ओढत ती म्हणाली, "तुझा तो डोळा..." झालं! असं हसू फुटलं की शेजारच्या टेबलावरचे पवार उठून बघायला आले. मरणाच्या बातमीवर खिदळणारं माणूस त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं.

बाई आम्हाला शाळेत शिवण शिकवायच्या. सटाण्याकडच्या. एरवी बोलणं पुस्तकातल्यासारखं, पण चिडल्या की थेट अहिराणी. त्या गाइडच्या कॅप्टनही होत्या आणि कॉलेजात असताना एनसीसीत रायफल शिकलेल्या, म्हणून त्र्यंबक रस्त्यावरच्या आमच्या उन्हाळी शिबिरात नेमबाजी त्यांच्याकडे. मी तेव्हा नववीत. माझा दादा अकरावीत, स्काउट, आणि आदल्या उन्हाळ्यात नेमबाजीत पहिला आलेला. फटाक्यांची माळ लागली की मोरीत लपणारी ही पोरगी काय बंदूक चालवणार, असं त्याने घरभर सांगितलं होतं. मीही काही कमी नव्हते. शेवटच्या दिवशी पालकांसमोर नेमबाजी होते, तिच्यात उतरून दाखवते, नाहीतर पुन्हा शिबिराचं नाव काढणार नाही, असं भर पंगतीत बोलून बसले. आता माघार घेतली असती तर दादाने जन्मभर पिडलं असतं.

रायफलला हात लावायच्या आधी बाईंची एक परीक्षा असायची, आणि ती मुलांनाही चुकत नसे. सुईत दोरा ओवायचा. उभं राहून, कोपर कुठेही न टेकता. श्वास अर्धा सोडायचा, तिथेच धरायचा आणि दोरा ढकलायचा नाही, नेऊन सोडायचा. मिसरूड फुटलेले पोरगे दोऱ्याचं टोक चोखत, घाम पुसत आंब्याखाली उभे असायचे, ते बघायला आम्ही मुद्दाम पाण्याच्या टाकीवरून चक्कर मारायचो. दोरा गेला की कुणी आशेने बाईंकडे बघायचं. त्या शाब्बास कधी म्हणत नसत. "पुढची," म्हणायच्या, आणि दुसरी सुई हातात. पुढे एअर रायफलवरही तेच. छर्ऱ्याला त्या गोळीच म्हणत. मधोमध लागो नाहीतर मागच्या मातीच्या बांधात जावो, बाईंचं एकच... "पुढची."

सुईत मी सगळ्यांच्या आधी पास झाले. अडलं ते डोळ्यावर. मला एक डोळा मिटताच येत नाही, आजही येत नाही. डावा मिटला की उजवाही त्याच्या मागोमाग जातो. रायफल खांद्याला, गाल लाकडाला, आणि समोर मिट्ट काळोख! मुमताज माझी तंबूतली शेजारीण. तिने मला डोळा मिटायला शिकवायचा विडा उचलला. आरशात बघून सराव, जेवायच्या रांगेत सराव, झेंड्याला उभं असताना सराव. परिणाम व्हायचा तोच झाला. भाजी वाढणाऱ्या आचाऱ्याला वाटलं मी त्याला डोळा मारते, आणि मुलांच्या तंबूतल्या दोघांना तर खात्रीच पटली. दादा लालबुंद होऊन आला. मी शिबिरभर पोरांना डोळे मारत फिरते, आत्ताच्या आत्ता घरी चल, म्हणून माझी वळकटी बांधायला लागला. मी तंबूच्या दोरीला धरून भोकाड पसरलं. सांगू तरी कसं, की अरे, एकच मारायचाय, तोच जमत नाही!

"काय करी राहिनात तुम्ही?" बाई आल्या. अहिराणी, म्हणजे संपलंच. मुमताजने सगळं सांगितलं तशा बाई मटकन वळकटीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. दादाही हसला, पण वळकटी काही सोडेना. मग बाईंनी पर्समधून कुठल्याशा लग्नाची पत्रिका काढली, कात्रीने तिचा तुकडा कापला आणि माझ्या केसांना पिनेने असा अडकवला की डाव्या डोळ्यासमोर पडदा.

"मिटायचा कशाला? दोन्ही उघडे ठेव. एकाला नेम दिसू दे, दुसऱ्याला लग्न."

दुसऱ्याला दिसत होतं 'आहेर स्वीकारले जाणार नाहीत'. पण उजव्याला पहिल्यांदाच निशाण लख्ख दिसलं. वळकटी पुन्हा उलगडली गेली.

शेवटच्या दिवशी आई-आप्पा सतरंजीवर पुढेच बसलेले, दादा हाताची घडी घालून उभा. मी पत्रिका लावून पालथी पडले, शेजारी मुमताज, प्रत्येकीला पाच गोळ्या. कानात नुसतं धडधड... अर्धा श्वास सोडला आणि दोरा ओवावा तशा पाचही गोळ्या नेऊन सोडल्या. काय सांगू, असं सुख पुन्हा फार कमी वेळा मिळालं. बाई निशाणाचे कागद घेऊन आल्या. माझा कागद कोराच्या कोरा. मुमताजच्या कागदावर दहा भोकं. कोपर सरकवता सरकवता मी जरा तिरकी झाले होते आणि सगळ्या गोळ्या शेजारणीच्या निशाणावर घातल्या होत्या. त्या दहांतली पाच मधोमध एका जागी, रुपयाखाली झाकतील इतकी जवळ. मुमताजने म्हटलं असतं ही माझी, तर पहिला नंबर तिचाच होता. ती म्हणाली, "बाई, ही माझी नाहीत. माझी ती बघा, गावभर पसरलीत."

बाईंनी नियमाप्रमाणे सगळ्यांसमोर मला शून्य दिलं. मग तो कागद दादाच्या हातात ठेवला आणि वर एक रुपया. दादाने रुपया ठेवून पाहिला, उचलून पाहिला, आणि तोच कागद आप्पांना नेऊन दाखवला. मी मात्र शून्याला रडत होते. बाईंनी माझ्या केसांतली पिन काढली.

"ही गेली पोरी. पुढची."

पुढे मी बंदूक धरली नाही, पण दिवसभर बारीक जिन्नस तपासायचं काम पत्करलं आणि तिथेही दोन्ही डोळे उघडेच असतात. आत्ता दिवाळीत, त्या जायच्या चारच दिवस आधी, सिडकोत बाईंना भेटायला गेले तेव्हा त्यांना जवळचं नीट दिसेनासं झालं होतं, शिवण मात्र सुटलं नव्हतं. आलेल्या माणसाकडून चहाच्या आधी सुया ओवून घ्यायच्या आणि सुयांच्या छोट्या उशीला टोचून ठेवायच्या, म्हणजे आठवडाभर अडत नाही. मीही ओवत बसले. बाई खुर्चीत डोळे मिटून आरामात, आणि प्रत्येक सुईला "पुढची".

परवा मी आणि मुमताज त्यांच्या घरी गेलो. मशीनवर ती उशी तशीच होती. माझ्या सुया, दोऱ्यांसकट. निळा दोरा, पांढरा दोरा, वापरायच्या राहून गेलेल्या... एक तेवढी रिकामी होती, दोरा संपलेली. बाईंची मुलगी चहा टाकायला आत गेली. ती घेऊन मी उभी राहिले, कोपर कुठेही न टेकता, अर्धा श्वास सोडला. डोळे भरलेले, पण उघडे. दोरा पहिल्याच खेपेला गेला. मी तशीच उभी, सुई धरून, खुर्चीकडे बघत.

खुर्ची रिकामी. मुमताजने माझ्या हातातली सुई घेतली, उशीला टोचली आणि हळूच म्हणाली, "पुढची."