कौसाकाकूंची टेकडी

हसनाबादजवळच्या आमच्या गावात कुणी सरपणाचा भारा घेऊन निघालं, की कौसाकाकू त्याला वाटेत थांबवायच्या आणि आधी लाकूड हुंगायच्या. ओल्या लाकडाचा वास आला, की त्या माणसाची धडगत नसे. माझ्या सासऱ्यांनाही त्यांनी भर चौकात असंच उभं केलं होतं. "पाटील असाल तुमच्या घरी," म्हणाल्या. नव्या सुनेला, म्हणजे मला, त्या तेव्हापासूनच आवडायला लागल्या.

बोडकी झालेली टेकडी पुन्हा हिरवी व्हावी, म्हणून त्यांनी गावाकडून कुऱ्हाडबंदी करून घेतली. पण त्या भरात पायथ्याच्या भिल्ल वस्तीला न विचारताच टेकडीवर जायलाच बंदी घातली. वाळक्या काटक्या, सीताफळं, सगळंच बंद. वस्तीच्या चुली त्याच काटक्यांवर पेटतात, हे बैठकीत कुणाला आठवलंच नाही.

उन्हाळ्यात टेकडीला वणवा लागला. साचलेला पालापाचोळा भराभर पेटला. गाव पोचेपर्यंत अर्धी झाडं गेली, आणि वस्ती मात्र जागची हलली नव्हती. काकू तरातरा तिथं गेल्या. मीही मागोमाग.

"धूर दिसला न्हाई का गं?" त्यांनी सुमनला विचारलं. वस्तीत तिचा शब्द चालायचा.

"दिसला ना. पण आम्ही वर गेलो असतो, तर तुम्ही म्हनले असते, ह्यांनीच लावली."

काकू खालीच बसल्या. म्हणाल्या, "बराबर हाय तुझं. म्हनलेच असते मी."

मग ग्रामसभेत त्यांनी आपलाच नियम मोडीत काढला. राखण वस्तीची, वाळकं लाकूड न् सीताफळंही वस्तीची. लोक चिडले, पण काकूंपुढे कुणाचं काय चालणार! टेकडी हळूहळू भरली. दर हंगामात काकू वस्तीवर जाऊन सीताफळं खायच्या नि वर नावं ठेवायच्या, "औंदा गोडी कमी हाय."

गेल्या वर्षी काकू गेल्या. घरातलं माणूस गेलं की आमच्याकडे त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. त्यांच्या घरातही सगळं थंड होतं. मुलानं सरणासाठी वखारीतून लाकडं मागवली होती. ट्रॅक्टर यायच्या आधीच वस्तीतल्या बाया वाळक्या लाकडांचे भारे घेऊन दारात आल्या.

मुलगा अवघडला. "तुमचं सरपण कशाला? तुमच्या चुलीला लागंल ना."

सुमननं भारा खाली ठेवला. "आज वस्तीवर चूल पेटली न्हाई," ती म्हणाली.

मुलानं फोन करून ट्रॅक्टर माघारी पाठवला. तोवर धरून ठेवलेलं रडू मला मग आवरलं नाही.